विज्ञानविषयक शोधलेखाची प्रकाशनपूर्व सिद्धता : गोसीखुर्द जलाशयाच्या अभ्यासाच्या संदर्भात

सारांश

महाविद्यालयीन अध्यापक प्रयोगशाळेत आणि क्षेत्रावर परिश्रमपूर्वक संशोधन करतात. तथापि त्या संशोधनाचा लेख नियतकालिकाकडे पाठविताना मांडणीतील उणिवांमुळे तो परत येतो, अथवा प्रकाशित होऊनही अन्य अभ्यासकांच्या उपयोगी पडत नाही. प्रस्तुत लेखात विज्ञानविषयक शोधलेख प्रकाशनासाठी सिद्ध करण्याच्या प्रक्रियेचे विवेचन केले आहे. त्यासाठी भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द जलाशयाच्या पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास हे उदाहरण घेतले आहे. शीर्षक, बीजशब्द, अभ्यासपद्धती, फलिते, एकके, शास्त्रीय नावे, टंकलेखन, नियतकालिकाची निवड आणि परीक्षकांना द्यावयाचे उत्तर या घटकांचा क्रमाने विचार केला आहे. लेखाचे स्वरूप ही केवळ बाह्य सजावट नसून संशोधनाच्या विश्वसनीयतेचाच तो एक भाग आहे, हे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : शोधलेखन, गोसीखुर्द, वैनगंगा, पाण्याची गुणवत्ता, तज्ज्ञ परीक्षण, संशोधन नीती

१. प्रस्तावना

वैज्ञानिक नियतकालिकांची परंपरा इ. स. १६६५ पासून सुरू होते. त्या वर्षी पॅरिस आणि लंडन येथून पहिली दोन नियतकालिके निघाली. आरंभीचे लेख बहुधा पत्रांच्या स्वरूपाचे असत. विसाव्या शतकात संशोधनाचा व्याप वाढला, तेव्हा वाचकास हवी ती माहिती ठराविक जागी सापडावी ही गरज निर्माण झाली. त्यातून प्रस्तावना, पद्धती, फलिते आणि विवेचन अशी चार भागांची रचना रूढ झाली. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र आले आणि हस्तलिखितांसाठी समान नियम असावेत असे त्यांनी ठरविले. हे नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज विविध विद्याशाखांतील लेखनसंकेतांवर त्यांचा प्रभाव दिसतो.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या पदोन्नतीचा संबंध प्रकाशित लेखांच्या गुणांशी जोडला. तेव्हापासून लेखांची संख्या वाढली. परंतु लेख कसा सिद्ध करावा याचे पद्धतशीर शिक्षण पदव्युत्तर स्तरावर क्वचितच मिळते. परिणामी अनेक अध्यापक प्रबंधातील एखादे प्रकरण जसेच्या तसे उचलून पाठवितात. प्रबंध आणि शोधलेख यांची प्रयोजने भिन्न आहेत. प्रबंधात अभ्यासकाने विषयाचा व्यासंग सिद्ध करावयाचा असतो; लेखात एका निश्चित प्रश्नाचे एक निश्चित उत्तर पुराव्यासह द्यावयाचे असते.

२. उदाहरणाची निवड

वैनगंगा नदी मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे वर्धा नदीस मिळून प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जाते. या नदीवर पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे धरण बांधण्यात आले. प्रकल्पास १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली, २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला. धरणाची लांबी ११ किलोमीटरहून अधिक असून त्यास ३३ दरवाजे आहेत. जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११४६ दशलक्ष घनमीटर, तर नियोजित सिंचन क्षमता २,५०,८०० हेक्टर आहे. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर हे तीन जिल्हे त्याच्या लाभक्षेत्रात येतात.

नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हान नदीस मिळते आणि कन्हान आंभोरा परिसरात वैनगंगेस मिळते. म्हणजेच शहराच्या सांडपाण्याचा काही अंश या मार्गाने जलाशयात येतो. जलाशयाच्या काठी राहणारी कुटुंबे, मासेमारीवर जगणारा ढिवर समाज आणि धरणाखालील गावांच्या पाणीपुरवठा योजना यांचा या पाण्याशी थेट संबंध आहे. अशा ठिकाणी जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या वा प्राणिशास्त्राच्या अध्यापकाने वर्षभर नमुने घेऊन केलेले काम हा महत्त्वाचा पुरावा ठरू शकतो. तो लेख सदोष मांडणीमुळे परत आला अथवा कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या नियतकालिकात छापला गेला, तर नुकसान एकट्या लेखकाचे होत नाही. एकदा निघून गेलेल्या ऋतूतील नमुना पुन्हा घेता येत नसल्यामुळे त्या वर्षीच्या पाण्याची नोंदच नाहीशी होते.

३. शीर्षक आणि बीजशब्द

शीर्षकात काय अभ्यासले, कोठे अभ्यासले आणि कोणत्या कालावधीत, या तीन गोष्टी असाव्यात. ‘जलप्रदूषण : एक अभ्यास’ यासारख्या शीर्षकातून वाचकास काहीच बोध होत नाही. ‘गोसीखुर्द जलाशयातील विद्राव्य ऑक्सिजनचे ऋतुमानानुसार बदल’ या शीर्षकातून लेखाची व्याप्ती स्पष्ट होते.

स्थळनामांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक आहे. हेच धरण शासकीय कागदपत्रांत ‘गोसीखुर्द’, वृत्तपत्रांत अनेकदा ‘गोसेखुर्द’ आणि अधिकृत नामकरणानुसार ‘इंदिरासागर’ असे लिहिले जाते. रोमन लिपीत तर त्याची आणखी रूपे आढळतात. यांपैकी ‘इंदिरासागर’ हे नाव सर्वाधिक संभ्रम निर्माण करणारे आहे. कारण मध्य प्रदेशातील खंडवा जिल्ह्यात पुनासा येथे नर्मदेवर बांधलेला मोठा प्रकल्पही त्याच नावाचा आहे आणि गोदावरीवरील पोलावरम प्रकल्पासही ते नाव देण्यात आले होते. केवळ ‘इंदिरासागर’ हा बीजशब्द दिलेला लेख संगणकीय शोधात नर्मदेवरील अभ्यासांत मिसळून जातो. त्यामुळे शीर्षकात एक रूप निश्चित करून संपूर्ण लेखभर तेच वापरावे, अन्य रूपे बीजशब्दांत द्यावीत आणि नदी, तालुका व जिल्हा यांचा उल्लेख करावा. नमुना स्थळांचे अक्षांश व रेखांश दिल्यास नावांचा वाद उरत नाही. शीर्षकात आलेले शब्द बीजशब्दांत पुन्हा देण्यापेक्षा तेथे पूरक शब्द द्यावेत.

४. सारांश

सारांश सर्वांत शेवटी लिहावा. सर्वसाधारणपणे २०० ते २५० शब्दांत प्रश्न, पद्धती, प्रमुख फलिते आणि त्यांचा अर्थ ही चारही अंगे यावीत. फलितांत प्रत्यक्ष संख्या हव्यात. ‘पाण्याच्या गुणवत्तेत लक्षणीय फरक आढळला’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या घटकात, कोणत्या दोन स्थळांमध्ये आणि किती फरक आढळला हे सांगावयास हवे. सारांशात संदर्भ, आकृत्यांचे क्रमांक आणि स्पष्ट न केलेली लघुरूपे टाळावीत. लेखात नसलेली कोणतीही बाब सारांशात येता कामा नये.

५. अभ्यासपद्धती

परीक्षक सर्वाधिक काळजीने वाचतात तो हा भाग होय. दुसऱ्या अभ्यासकास हेच काम पुन्हा करता येईल इतका तपशील देणे ही या भागाची कसोटी आहे.

५.१ स्थळ, दिनांक आणि वेळ : पाण्यात ऑक्सिजन किती विरघळू शकतो हे तापमानावर अवलंबून असते. समुद्रसपाटीवरील दाबास २० अंश सेल्सिअस तापमानात शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारे ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. शिवाय शेवाळ व जलवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री वापरतात. त्यामुळे पहाटे घेतलेला नमुना आणि दुपारी घेतलेला नमुना यांची तुलना होऊ शकत नाही. नमुन्याची वेळ आणि पाण्याचे तापमान न दिलेला लेख परीक्षक परत पाठवितात तो याच कारणाने. गोसीखुर्दच्या बाबतीत त्या दिवशीची जलाशयाची पातळीही द्यावी. पूर्ण जलसंचय पातळी २४५.५०० मीटर आहे. पातळी खाली असताना आणि जलाशय भरलेला असताना सांडपाण्याचे विरलीकरण सारखे होत नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडून विसर्ग सुरू असल्यास तेही नमूद करावे.

५.२ परीक्षणाची पद्धत : ‘प्रमाणित पद्धतीने परीक्षण केले’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी हे याचे बोलके उदाहरण आहे. परदेशी ग्रंथांतील रूढ पद्धतीत नमुना २० अंश सेल्सिअस तापमानास ५ दिवस ठेवतात, तर भारतीय मानक ३०२५ च्या ४४ व्या भागानुसार २७ अंशांस ३ दिवस ठेवतात. कोणती पद्धत वापरली हे न सांगता दिलेली संख्या वाचकास अन्य कोणत्याही अभ्यासाशी ताडून पाहता येत नाही. विद्राव्य ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजला की विद्युत उपकरणाने, नमुना जागेवरच स्थिर केला की प्रयोगशाळेत आणून, प्रत्येक परीक्षण किती वेळा केले आणि उपकरणाचे अंशशोधन केव्हा केले, याही बाबी आवश्यक आहेत.

५.३ तुलनेचे मानक : अनेक लेखांत जलाशयातील कच्च्या पाण्याची तुलना थेट पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे भारतीय मानक १०५०० : २०१२ शी केलेली आढळते. हे मानक घरात पोहोचणाऱ्या पाण्यासाठी आहे. नदी व जलाशयांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपयोगानुसार वर्गीकरण उपलब्ध आहे. त्यानुसार स्नानासाठीच्या ‘ब’ वर्गात विद्राव्य ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी कमाल ३ मिलिग्रॅम अपेक्षित आहे. मत्स्यजीवन व वन्यजीवांसाठीच्या ‘ड’ वर्गात ऑक्सिजनची किमान मर्यादा ४ मिलिग्रॅम आहे. मानक चुकीचे निवडले तर अचूक मोजमापातूनही चुकीचा निष्कर्ष निघतो.

५.४ लोकांकडून मिळविलेली माहिती : अभ्यासात मच्छीमारांच्या अथवा पुनर्वसित गावांतील रहिवाशांच्या मुलाखती असतील, तर त्यांची संमती कशी घेतली हे लिहावे आणि त्यांची ओळख उघड होणार नाही याची काळजी घ्यावी.

६. फलिते, सारण्या आणि आकृत्या

फलितांच्या भागात जे आढळले तेवढेच सांगावे; ते का आढळले याची चर्चा पुढील भागासाठी राखून ठेवावी. एकच माहिती सारणीत, आलेखात आणि पुन्हा मजकुरात देऊ नये. नेमक्या संख्या महत्त्वाच्या असतील तेथे सारणी आणि कल दाखवावयाचा असेल तेथे आलेख, असा साधा नियम पाळता येईल. मजकुरात सारणीतील संख्यांची यादी न देता त्यांतून दिसणारी मुख्य बाब सांगावी.

संख्या लिहिताना मोजमापाच्या मर्यादेचे भान ठेवावे. समजा, एकाच नमुन्याची तीन मापने ६.२, ६.३ आणि ६.३ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी आली. संगणक त्यांची सरासरी ६.२६६६६७ अशी दाखवील. परंतु उपकरण दशांशानंतरचा एकच अंक विश्वासाने देत असल्याने लेखात ६.३ असेच लिहिणे योग्य होय. अधिक अंक लिहिल्याने अचूकता वाढत नाही. उलट लेखकास मोजमापाचे मर्म कळलेले नाही असा परीक्षकांचा ग्रह होतो. सरासरीसोबत प्रमाण विचलन आणि नमुन्यांची संख्या द्यावी. एखादा घटक उपकरणाच्या शोधमर्यादेच्या खाली असेल तर ‘शून्य’ असे न लिहिता ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’ असे लिहून ती मर्यादा नमूद करावी.

प्रत्येक सारणीस क्रमांक, स्वतंत्रपणे समजेल असे शीर्षक आणि प्रत्येक स्तंभास एकक आवश्यक आहे. सारणीचे शीर्षक वर आणि आकृतीचे शीर्षक खाली देण्याचा संकेत आहे. नकाशात उत्तर दिशा, मोजपट्टी आणि नमुना स्थळांची चिन्हे असावीत. छापील अंक काळ्या-पांढऱ्या रंगात निघत असेल तर केवळ रंगभेदावर आधारलेला आलेख निरुपयोगी ठरतो. तेथे भिन्न चिन्हे व रेषा वापराव्यात.

७. विवेचन

विवेचनात फलितांचा अर्थ, पूर्वीच्या अभ्यासांशी त्यांचे साम्य वा भेद आणि अभ्यासाच्या मर्यादा यांचा विचार करावा. येथे सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे पुराव्यापेक्षा मोठे विधान करणे. आंभोऱ्याजवळ ऑक्सिजन कमी आढळला, एवढ्यावरून तो नाग नदीमुळेच कमी झाला असे सिद्ध होत नाही. त्यासाठी संगमाच्या वरील बाजूस वैनगंगेवर आणि कन्हानवर तुलनेचे नमुने घेतलेले असावे लागतात. ते नसतील तर ‘हे निरीक्षण सांडपाण्याच्या प्रभावाशी सुसंगत आहे’ असे लिहावे. हा संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. प्रदूषणासारख्या वादाच्या विषयात एक अतिरंजित वाक्य संपूर्ण लेख अमान्य करण्यास निमित्त ठरते आणि ज्यांच्यासाठी हे काम केले त्या काठावरच्या गावांच्या हातातील पुरावा दुबळा होतो.

८. परिभाषा, शास्त्रीय नावे आणि टंकलेखन

मराठीतून विज्ञानविषयक लेखन करताना पारिभाषिक संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयुक्त आहेत. संज्ञा कोणतीही निवडली तरी ती लेखभर एकच ठेवावी. एकाच लेखात ‘विद्राव्य ऑक्सिजन’, ‘विरघळलेला प्राणवायू’ आणि ‘डी. ओ.’ असे तीन प्रयोग आल्यास वाचकास त्या तीन निरनिराळ्या राशी वाटण्याचा संभव असतो.

सजीवांच्या बाबतीत बोलीनाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही द्यावीत. ‘मरळ’ या एकाच नावाखाली चन्ना प्रजातीतील एकाहून अधिक जाती ओळखल्या जातात. त्यामुळे केवळ बोलीनावावरून कोणता मासा अभ्यासला हे कळत नाही. शास्त्रीय नावातील प्रजातिनाम आणि जातिनाम तिरप्या अक्षरांत द्यावे. नावे बदलतात याचेही भान ठेवावे. जलपर्णीस दीर्घकाळ आयकोर्निया क्रॅसिपिस म्हटले जात होते. २०१८ नंतर तिचा समावेश पाँटेडेरिया या प्रजातीत करण्यात आला आहे. प्रथम उल्लेखात नवे नाव देऊन जुने नाव पर्यायी म्हणून नोंदविणे सोयीचे ठरते.

टंकलेखनासाठी युनिकोड प्रणालीचाच वापर करावा. जुन्या प्रणालींतील टंकांत तयार केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली असता देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात आणि रूपांतर करताना रफार, जोडाक्षरे व दशांश चिन्हे बदलण्याचा धोका असतो. रूपांतरित मजकुरातील प्रत्येक संख्या मूळ नोंदवहीशी ताडून पाहणे अनिवार्य आहे. दशांश चिन्ह गळाल्यास ६.३ चे ६३ होते आणि संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस ती चूक दाखवीत नाही.

९. नियतकालिकाची निवड

विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. पुणे येथील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात या यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीने समाविष्ट झालेल्या आणि अन्यत्र सूचीबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निम्न दर्जाची असू शकतात, असे त्यात आढळून आले. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. तीही आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचे जाहीर करून तिच्या जागी सूचक निकष दिले. याचा अर्थ असा की, नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता महाविद्यालयावर आणि स्वतः लेखकावर आली आहे.

काही खुणा सहज तपासता येतात. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या पदावर आहेत काय, परीक्षणाची पद्धत स्पष्ट केली आहे काय, शुल्क आगाऊ सांगितले आहे काय आणि मागील अंकांतील लेख त्या विषयाचे आहेत काय, हे पाहावे. दोन-तीन दिवसांत प्रकाशनाची हमी देणाऱ्या ठिकाणी परीक्षण होत नाही हे उघड आहे. एकाच वेळी दोन नियतकालिकांकडे लेख पाठविणे हे संशोधन नीतीच्या विरुद्ध आहे.

१०. लेखकत्व आणि वाङ्मयचौर्य

ज्याने संशोधनात वा लेखनात प्रत्यक्ष सहभाग घेतला, अंतिम मसुद्यास संमती दिली आणि मजकुराची जबाबदारी स्वीकारली, तोच लेखक होय. प्रयोगशाळा उपलब्ध करून देणारे, नमुने घेण्यासाठी नाव चालविणारे मच्छीमार अथवा विभागप्रमुख यांचे ऋण ऋणनिर्देशात व्यक्त करावे. नमुने घेण्यात व परीक्षणात खरा वाटा असलेल्या विद्यार्थ्यास मसुदा लेखनात व तपासणीत सहभागी करून घ्यावे आणि त्याचे नाव लेखकांत द्यावे. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने जबाबदारी स्वीकारू शकत नसल्याने त्यांना लेखक मानता येत नाही. त्यांचा वापर केल्यास तो नमूद करावा.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा चढत्या स्तरांवर कारवाईची तरतूद आहे. तथापि टक्केवारी ही नीतीची जागा घेऊ शकत नाही. शब्द बदलून दुसऱ्याची कल्पना वा आकडेवारी श्रेय न देता वापरणे हे ५ टक्के साम्य असलेल्या लेखातही चौर्यच ठरते.

११. सादरीकरण आणि परीक्षकांना उत्तर

लेख पाठविण्यापूर्वी नियतकालिकाच्या सूचना शब्दशः वाचाव्यात आणि शब्दमर्यादा, संदर्भशैली, समास व ओळींतील अंतर त्यांनुसार ठेवावे. लेखकाचे नाव गुप्त ठेवून परीक्षण होत असेल, तर शीर्षकपृष्ठ वेगळे करावे आणि फाइलच्या गुणधर्मांतूनही नाव काढून टाकावे. सोबतच्या पत्रात लेखाचे नावीन्य दोन-तीन वाक्यांत सांगून तो अन्यत्र विचाराधीन नसल्याचे निवेदन करावे.

परीक्षकांचे अभिप्राय आल्यावर प्रत्येक मुद्दा क्रमाने उद्धृत करून त्याखाली केलेला बदल आणि त्याचा पृष्ठ क्रमांक द्यावा. एखादी सूचना मान्य नसेल तर कारणासह नम्रपणे तसे लिहावे. मौन पाळू नये. मूळ नोंदवह्या, अंशशोधनाच्या नोंदी आणि छायाचित्रे प्रकाशनानंतरही जपून ठेवावीत. उद्या एखाद्या समितीने वा न्यायालयाने त्या लेखाचा आधार घेतला, तर त्याची खरी परीक्षा या नोंदवह्यांवरच होईल.

१२. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, स्थळनामाचे एक रूप, नमुन्याची वेळ, परीक्षणाचे तापमान, दशांशानंतरचा एक अंक या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या बाबींवर शोधलेखाचे मूल्य अवलंबून असते. महाविद्यालयांनी संशोधन समितीमार्फत लेख पाठविण्यापूर्वी अंतर्गत वाचनाची व्यवस्था केली आणि प्रत्येक लेख विषयातील एका व विषयाबाहेरील एका सहकाऱ्याने वाचला, तर यांतील बहुतेक दोष घरीच दूर होतील. यासाठी फारशा खर्चाची गरज नाही. गोसीखुर्दसारख्या जलाशयाच्या जवळ असलेल्या महाविद्यालयांना तेथील पाण्याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवण्याची जी संधी आहे, ती दूरच्या संस्थांना नाही. ती नोंद दुसऱ्यास वाचता, तपासता आणि पुढे नेता येईल अशा स्वरूपात मांडणे हे अध्यापकाचे शैक्षणिक व सामाजिक उत्तरदायित्व होय.